आधी 'डा', मग 'पाणी'

(सहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात मेळघाटातील बालवाडी कार्याविषयी केलेले भाषण)



दरवर्षी या वेळी मेळघाटचा अहवाल म्हणजे धान्याची पोती किती गेली, स्वेटर किती वाटले, किती बाळांचे वजन वाढले, असा असतो. ते काम चालू आहे आणि त्याचा हिशोब छापील अहवालात आपल्या हाती आला आहे. मला मिळालेल्या वेळात मी त्याच बाळांच्या बोलण्याविषयी सांगणार आहे. एवढ्याशा विषयासाठी एवढा वेळ कशाला, असे कुणाला वाटले तर थोडा धीर धरावा.

१९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला होता. तेव्हापासून आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर मेळघाटचे मूल म्हणजे काडीसारखे हातपाय आणि मोठे डोळे, असेच चित्र आहे. त्या मुलाच्या तोंडात घास जावा म्हणून आपण झटलो, आणि ती गरज अजून संपलेली नाही. परंतु त्याच तोंडातून शब्दही यायचे असतात, आणि शब्दांचीही उपासमार होऊ शकते. ती वजनकाट्यावर दिसत नाही, इतकेच.

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके. तिथे मुख्य वस्ती कोरकू लोकांची. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कोरकू' म्हणजे माणसे. त्यांच्या भाषेचे नावही तेच. आपण इथे बसलेले बहुतेक जण असे धरून चालतो की कोरकू ही मराठीचीच एखादी रानटलेली बोली असेल, जशी वऱ्हाडी किंवा अहिराणी. तसे मुळीच नाही. (वऱ्हाडी मंडळींनी रागावू नये, मी स्वतः वऱ्हाडातलाच आहे.) कोरकूचे नाते मराठीशीही नाही आणि तेलुगू-कानडीशीही नाही. तिच्या बहिणी दूर झारखंडात आहेत, मुंडारी आणि संथाळी. पाण्याला कोरकूत 'डा' म्हणतात, घराला 'उरा', कोंबडीला 'सिम'. एक, दोन मोजायचे तर 'मिया, बारी' असे मोजतात. २०११ च्या जनगणनेत ही भाषा आपली मातृभाषा म्हणून सांगणारे सव्वासात लाखांवर लोक होते, महाराष्ट्रात आणि शेजारच्या मध्य प्रदेशात मिळून.

आता तिथल्या चार वर्षांच्या मुलाच्या कानांवर काय पडते ते पाहा. घरी कोरकू. धारणीच्या बाजारात, एस.टी.त, दुकानात हिंदी, कारण सीमा जवळ आहे आणि व्यापारी हिंदी बोलतो. अंगणवाडीत आणि शाळेत मराठी. आणि अंगणवाडीच्या भिंतीवर, एखाद्या दयाळू माणसाने पाठवलेला इंग्रजी अक्षरांचा तक्ता, ज्यात ए म्हणजे ॲपल आणि एक्स म्हणजे झायलोफोन. सफरचंद त्या मुलाने बाजारात पाहिलेले असेल नसेल, आणि झायलोफोन तर मीसुद्धा अजून पाहिलेला नाही.

अशा एका गावात मी एक मुलगी पाहिली. चार वर्षे पूर्ण झालेली, अंगाने बरी, अंगणवाडीत रोज येणारी. पण सात-आठ महिने झाले तरी तिने तिथे तोंड उघडले नव्हते. खिचडी घ्यायला ताट पुढे करायची, हात धुवायला उठायची, बस. एका पाहुण्याने वहीत तिच्या नावापुढे 'मंदबुद्धी?' असे लिहून ठेवले होते. प्रश्नचिन्ह टाकले हा त्यांचा चांगुलपणा. त्याच संध्याकाळी मी तिच्या घरासमोर गेलो. कोरकू गावात घरांच्या दोन ओळी समोरासमोर असतात आणि मधला रस्ता म्हणजे सगळ्यांचे एकच अंगण. ती मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन समोरच्या घरच्या बाईशी भांडत होती. त्यांच्या कोंबडीने हिच्या घरचे दाणे खाल्ले होते. काय ते हातवारे, काय ती वाक्ये! कोंबडी आधी कुठून आली, मग कुठे गेली, तिला कुणी हाकलले नाही, सगळे क्रमाने. माझ्याबरोबरची कार्यकर्ती कोरकू होती. ती हसून म्हणाली, "ही पुढे सरपंच होणार."

त्या मुलीजवळ भाषा होती. साक्ष काढणे, क्रम लावणे, कारण सांगणे, समोरच्याला कोंडीत पकडणे, हे सारे तिला येत होते. हे सगळे घेऊन ती रोज सकाळी अंगणवाडीच्या दाराशी येत होती आणि चपला काढाव्यात तसे ते दाराबाहेर ठेवून आत जात होती.

आणि गंमत अशी, गंमत म्हणू नये खरे तर, की आतली सेविकाही कोरकूच होती. मेळघाटात पुष्कळ ठिकाणी तसे आहे. पण फळ्यासमोर उभी राहिली की तिची जीभ आपोआप मराठी होते. तिला कुणी तसे बजावलेले नसते. ती स्वतः ज्या आश्रमशाळेत शिकली तिथे वर्गात कोरकू बोलले तर काय होत असे, ते तिला आठवत असते.

यातून पुढे काय होते ते चौथीच्या वर्गात दिसते. मुलगा धडा घडाघडा वाचतो. "नदीच्या काठावर एक झाड होते." उच्चार स्वच्छ. त्याला विचारा, काठ म्हणजे काय? तो तेच वाक्य पुन्हा वाचतो. बाराखडी पाठ आहे, जोडाक्षरे येतात, पण वाक्याच्या पलीकडे त्याला नदी दिसत नाही. वाचणे म्हणजे अक्षराचा आवाज काढणे एवढेच असते तर हा मुलगा पास. पण आवाज काढल्यावर तो शब्द आपल्या ओळखीचा निघाला पाहिजे, तरच वाचण्यात काही हाती लागते. ओळखीचे शब्द मूल शाळेत गोळा करत नाही. ते पहिल्या पाच-सहा वर्षांत, आईच्या मागे मागे फिरताना, आजीच्या मांडीवर, मोठ्या बहिणीच्या कडेवर गोळा करते. कुणीतरी त्याच्याशी बोलते, ते उत्तर देते, कुणीतरी ते उत्तर ऐकून पुढचे विचारते. पाटीवर पहिले अक्षर उमटण्याच्या पुष्कळ आधी वाचनाची तयारी अशी झालेली असते.

हे ज्ञान काही आजचे नाही, आणि परदेशातून आणावे लागलेले नाही. ताराबाई मोडकांनी १९२६ साली गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघरमधल्या, बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी काढली, पण वारल्यांची मुले तिथवर येईनात. लहान भावंडे सांभाळायची, गुरे राखायची, येणार कशी? तेव्हा या दोघींनी काय केले? मुले येत नाहीत तर आपण जावे, म्हणून बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणाले. खेळायला आणि मोजायला शंखशिंपले, बिया, पाने, खडे. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि ताराबाई १९७३ साली गेल्यावरही अनुताईंनी ते चालवले, १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातल्या ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. आज तिची केंद्रे देशभर अंगणवाडी याच नावाने ओळखली जातात. नाव सगळीकडे गेले. अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी मागे राहिले, आणि अंगणातली बोली तर त्याहून मागे.

आम्ही जे करतो ते फार मोठे नाही. आठवड्यातून दोन दिवस, सकाळचा आहार झाल्यावर, गावातली एखादी आजी किंवा आजोबा येऊन बसतात आणि कोरकूत गोष्ट सांगतात. वाघाची, अस्वलाची, मोहाच्या झाडाची, जावयाच्या फजितीची. सुरुवातीला म्हाताऱ्या माणसांना पटेना. शाळेत आमचे काय काम? एक आजी तर म्हणाली, मला लिहिता येत नाही, मला कशाला बोलावता. पण एकदा बसल्या की उठवावे लागते. गोष्ट झाली की सेविका मुलांना विचारते, मग काय झाले? अस्वल का पळाले? तू असतास तर काय केले असतेस? सगळे कोरकूत. एकेका शब्दाने उत्तर देणारी मुले दिवाळीपर्यंत तीन-तीन वाक्ये बोलू लागतात.

मग मुले चित्र काढतात आणि चित्राखाली मूल जे म्हणेल ते सेविका देवनागरीत लिहिते. अगदी तस्सेच, सुधारून नाही. असे आठ-दहा कागद सुईदोऱ्याने शिवले की पुस्तक झाले. त्यावर मुलाचे नाव. बाजारात त्याच्या भाषेतले पुस्तक सहसा मिळत नाही, म्हणून त्याने बोललेले पुस्तक. एक 'डा'चे पुस्तक आहे: हापशावरचे डा, नाल्यातले डा, आईच्या डोक्यावरच्या हंड्यातले डा. मुलाला ते वाचता येत नाही, पण त्यात काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक असते, कारण ते त्यानेच म्हटलेले असते. बोट ठेवून ते म्हणत जाते, आणि म्हणता म्हणता एक दिवस 'डा' हे अक्षर त्याला दुसऱ्याच्या पुस्तकातही ओळखू येते. ज्या सेविकेने हे पहिल्यांदा पाहिले, ती धावत घरी मला बोलवायला आली होती.

मराठीही रोज येते, पण बोलण्यातून आणि खेळातून. ऊठ, बस, इकडे ये, टाळी वाजव, पाणी आण. हाताने करता करता ऐकायची मराठी. 'डा' पक्का असला की त्याच खुंटीला 'पाणी' टांगता येते. खुंटीच नसेल तर शब्द खाली पडतो.

आता काही अवघड गोष्टी, ज्या आपणापासून लपवणे बरोबर नाही.

पहिली म्हणजे, विरोध बाहेरून होत नाही, गावातूनच होतो. पालकसभेत एक तरुण बाप उभा राहिला. अमरावतीला बांधकामावर जाऊन आलेला. तो म्हणाला, "कोरकू तर घरी येतेच. ती शिकवायला तुम्ही कशाला आलात? आम्ही साहेबासमोर उभे राहतो तेव्हा आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आमचे पैसे बुडतात. माझ्या मुलाला मराठी द्या, इंग्रजी द्या." सभेत सगळे गप्प झाले. त्या माणसाचे म्हणणे खोटे नाही. मजुरीचा हिशोब वाचता न आल्याने ज्याचा महिनाभराचा घाम वाया गेला, त्याला मातृभाषेचे महत्त्व सांगणे सोपे नाही, आणि मी त्याला व्याख्यान दिले नाही. मी त्याला चौथीतल्या त्याच्या पुतण्याला बोलवायला सांगितले आणि नदीच्या काठाचा तो धडा वाचायला दिला. पुतण्याने वाचला. काकाने अर्थ विचारला. मग काका बराच वेळ त्या पुस्तकाकडे बघत बसला. त्याला सगळे पटले असे मी म्हणणार नाही. अजूनही दर सभेत तो इंग्रजीचे विचारतो, आणि त्याने विचारत राहावे. त्याच्या मुलाला चांगली मराठी आलीच पाहिजे, पुढे इंग्रजीही आली पाहिजे. आमचा आग्रह फक्त क्रमाचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असेच म्हटले आहे.

दुसरी गोष्ट आपल्या मंडळींतून आलेल्या एका पत्राची. पत्र प्रेमाने लिहिलेले आहे. त्यात विचारले आहे की गोष्टी सांगायला गावचा भूमकाही येतो हे खरे का, आणि मिशनच्या पैशाने चालणाऱ्या बालवाडीत हे कसे? खरे आहे. भूमका म्हणजे त्यांचा पुजारी, आणि बहुतेक गावांत सर्वांत जास्त गोष्टी त्यालाच येतात. तो येतो, वाघाची आणि कोल्ह्याची गोष्ट सांगतो, मुलांबरोबर खिचडी खातो आणि जातो. बालवाडी ही कुणाचा धर्म बदलण्याची किंवा कुणाला दूर ठेवण्याची जागा नाही, या अटीवरच गावाने आपल्याला ओसरी दिली आहे. मला याहून जास्त काही म्हणायचे नाही. पंडिता रमाबाईंची आठवण मात्र करून देतो. केडगावला बसून त्यांनी अखंड पवित्र शास्त्राचे भाषांतर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केले. एवढी संस्कृत जाणणारी बाई, पण भाषा निवडली ती खेड्यातल्या अशिक्षित बाईला समजेल अशी साधी. १९२२ साली त्यांनी देह ठेवला तेव्हा ते काम नुकतेच हातावेगळे झाले होते. माणसाला त्याच्या भाषेत भेटावे हे आपल्याकडे नवे नाही.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ही निकडीची आहे. एका दात्याने एका गावात संपूर्ण इंग्रजी बालवर्ग काढून देण्याची तयारी दाखवली आहे. रंगीत भिंती, मोठा टी.व्ही., गणवेश, बूट. अट एवढीच की वर्षअखेरीस मुलांनी इंग्रजी बडबडगीते म्हणून दाखवावीत आणि त्याचे चित्रीकरण पाठवावे. देणगी मोठी आहे. कार्यकारिणीचा निर्णय पुढच्या महिन्यात व्हायचा आहे आणि त्याआधी आपण सहाय्यकांनी यावर बोलावे, म्हणूनच मी आजचा विषय हा घेतला. माझे मत मी स्पष्ट सांगतो: ही देणगी या अटीवर घेऊ नये. मुले गाणी म्हणतील, सुंदर म्हणतील, आपल्याला चित्रफीत बघून डोळ्यांत पाणी येईल. आणि ती कोंबडीवाली मुलगी तोंड मिटून मागच्या रांगेत उभी असेल. दात्याला विनंती करावी की हीच रक्कम दोन गोष्टींना द्या. एक, गावातल्याच शिकलेल्या मुलींचे मानधन. आज अकरा गावांत आपल्या मदतनीस आहेत, त्यांना मिळते ते इतके थोडे आहे की लग्न ठरले किंवा बाहेर काम मिळाले की त्या जातात, आणि त्यांच्याबरोबर वर्षभराचे शिकवलेले जाते. दोन, कागद. कोरा कागद, जाड पुठ्ठे, रंगीत खडू, सुईदोरा. दाता ऐकेल की नाही हे मला माहीत नाही. नाही ऐकले तर तेवढी रक्कम आपल्यालाच उभी करावी लागेल, हेही आजच सांगून ठेवतो.

आपल्या संडे स्कूलच्या शिक्षिका इथे बसल्या आहेत. फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रे चिकटवून चाळीस मुलांना तासभर गोष्टीत बांधून ठेवणे तुम्हाला येते. ही कला तिकडच्या मुलींना शिकवायला मेच्या सुट्टीत दोघी-तिघी आल्या तर फार बरे होईल. भाषा येत नाही म्हणून अडू नये, गोष्ट कशी थांबवायची आणि मुलाला कधी विचारायचे एवढे शिकवले तरी पुरे. आणि इथे घरी नातवंडांशी जेवताना टी.व्ही. बंद ठेवून बोलता का, हेही एकमेकींना विचारून घ्या. शहरातले मूलही शब्दांनी उपाशी राहू शकते.

शेवटची एक मागणी, आणि ती लवकरची आहे. पावसाळी पिके निघाली की मेळघाटातली कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात, काही वीटभट्ट्यांवर, काही शेतांवर, आणि होळीला घरी परततात. कोरकू माणूस कुठेही असो, होळीला घरी येतोच. मधले तीन-चार महिने मुले भट्टीवर असतात, तिथे ना अंगणवाडी ना आजी. यंदा प्रत्येक जाणाऱ्या मुलाबरोबर एक कापडी पिशवी द्यायची आहे. तिच्यात त्याने स्वतः बोललेले पुस्तक, मित्राचे एक पुस्तक, कोरे कागद आणि खडू. आई-बापांना आम्ही सांगणार आहोत की रात्री चूल विझण्याआधी मुलाकडून एक पान ऐका, तुम्हाला वाचता आले नाही तरी चालेल, त्याला येते. पिशव्या महिला मंडळाने शिवायच्या असे ठरले आहे. जुन्या साड्या, चादरी चालतील, फक्त पट्टा मजबूत असावा, कारण मूल ती बैलगाडीत, टेम्पोत, कुठेही ओढत नेणार. दसऱ्यापूर्वी त्या माझ्याकडे पोहोचल्या पाहिजेत.